टेकडी का घसरते?

पुण्यातल्या वेताळ टेकडीचा खडक बेसाल्टचा. ऊन-पावसाने तो तडकतो, त्याचा मुरूम होतो. गुरुत्वाकर्षण हा मुरूम सतत खाली ओढते. कणांमधले घर्षण त्याला धरून ठेवते. पावसाचे पाणी मुरले की वजन वाढते आणि ही पकड सैल होते. ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगराचा उतार असाच कोसळला. सुमारे दीडशे माणसे दगावली.

वर्गात ताटलीत कोरडी वाळू ओतून पाहू. ढिगाचा उतार साधारण ३० ते ३५ अंशांहून चढा होत नाही. आता पट्टीने पायथा खरवडू. वरची वाळू लगेच ओघळते. टेकडीचा पायथा कापून घरे, रस्ते बांधतो तेव्हा आपण हेच करत असतो.