वार्धक्य, सहभाग आणि ‘विचारणे’

वृद्धांचा सामाजिक सहभाग हा विषय गेल्या काही दशकांत अभ्यासकांच्या विशेष विचाराचा झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सक्रिय वार्धक्याची जी चौकट आखली, तिचे आरोग्य, सहभाग व सुरक्षितता हे तीन आधार होत. यांपैकी ‘सहभाग’ ही कल्पना रत्नागिरी जिल्ह्यातील वृद्धांच्या बोलीत कोणत्या शब्दांनी व्यक्त होते, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणात घेतला आहे.

‘सहभाग’ हा शब्द शासकीय व शास्त्रीय मराठीतला. वृद्धांच्या नित्याच्या बोलण्यात “हातपाय चालताहेत तोवर ठीक”, “कोणाला जड होऊ नये”, “आता आम्हांला कोण विचारतो?” अशी वाक्ये येतात. पहिल्या दोहोंचा संबंध शरीराशी व स्वावलंबनाशी आहे; तिसरे मात्र सहभागाविषयीच आहे. ‘विचारणे’ म्हणजे प्रश्न करणे, सल्ला घेणे आणि किंमत देणे. या तक्रारीत तिन्ही अर्थ एकवटतात. येथे कर्ता दुसरा असून वृद्ध हा कर्म आहे, हे व्याकरणही अर्थपूर्ण होय.

कोकणातील गाऱ्हाणे हे याचे उत्तम उदाहरण. ग्रामदेवतेपुढे एखादा जाणता, बहुधा वयस्क, पुरुष गावाच्या वतीने बोलतो आणि जमलेले लोक “होय महाराजा” म्हणून साथ देतात. प्रतिसादावाचून गाऱ्हाणे पुरे होत नाही. तथापि हा मान सर्वांच्या वाट्यास येत नाही. स्त्रिया त्यापासून सामान्यतः दूर राहिल्या. विधवांस तर सुवासिनींच्या विधींतूनही वगळण्याची रूढी होती. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेंहून अधिक स्त्रिया होत्या, हे ध्यानी घेता ही उणीव लहान नव्हे. शिवाय कर्ती पिढी मुंबईस; ती शिमगा-गणपतीस परतते. त्यामुळे विचारले जाण्याचे दिवसही वर्षातून मोजकेच.

सफल वार्धक्याचा आदर्श म्हणून मुरूडच्या महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचे नाव सहज आठवते. पंचाहत्तरी उलटल्यावर, १९३६ साली, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले; १९४४ साली समता संघ स्थापिला. कोणी विचारण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. परंतु अशा असामान्य उदाहरणावरून सहभाग हा केवळ व्यक्तीच्या उत्साहाचा गुण ठरविणे योग्य नव्हे. सामान्य वृद्धाचा सहभाग इतरांच्या वर्तनावरही अवलंबून असतो.

म्हणून प्रश्नावली रचताना “आपण किती कार्यक्रमांस जाता?” एवढेच विचारून भागणार नाही. “घरातील वा गावातील कोणता निर्णय आपणांस विचारून झाला?” हाही प्रश्न हवा. पहिल्याने केवळ उपस्थिती मोजली जाते. वृद्धांना स्वतःला जे महत्त्वाचे वाटते, त्याचा माग दुसऱ्यानेच लागेल.