महाविद्यालयातील महिला कक्ष आणि आपले घर



जून महिना उजाडला की तालुक्याच्या एस. टी. स्टँडवर एक दृश्य हमखास दिसते. नव्या वह्यांची पिशवी घेतलेली मुलगी आणि तिला गाडीत बसवून द्यायला आलेले वडील. गाडी सुटेपर्यंत वडील एकच वाक्य पुनःपुन्हा सांगत असतात, 'जपून राहा बरं का, पोरी.' मुलगी मान डोलावते. गाडी सुटते. पण जपून राहायचे म्हणजे काय करायचे, आणि जपूनही अडचण आलीच तर कुणाकडे जायचे, हे तिला कुणीच सांगितलेले नसते. आज मला त्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपल्या मुली ज्या महाविद्यालयात जातात तिथे एखाद्या खोलीवर 'महिला विकास कक्ष' अशी पाटी असते. सूचनाफलकावर 'अंतर्गत तक्रार समिती' या मथळ्याखाली काही नावे आणि फोन नंबर लिहिलेले असतात. विद्यापीठात गेलात तर 'स्त्री-अभ्यास केंद्र' भेटते. नावे तीन, त्यामुळे ऐकणारा गोंधळतो. कुणी म्हणतो, ही शहरातल्या शिकलेल्या बायकांची खुळे. कुणी म्हणतो, वरून हुकूम आला म्हणून पाटी लावली. अहो, पाटी नुसती पाटीच राहिली अशीही ठिकाणे आहेत, ते मी नाकारीत नाही. पण ती पाटी कशासाठी आली हे समजून घेतले, तर ती आपल्याच उपयोगाची आहे असे दिसून येईल.

थोडे मागे जाऊ. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १९१६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. आज त्याला आपण एस. एन. डी. टी. विद्यापीठ म्हणतो. या माणसांनी मुलींसाठी शाळेचे दार उघडले. पण दार उघडले म्हणजे सारे झाले असे नव्हे. आत आलेली मुलगी टिकते का, शिकून बाहेर पडल्यावर तिला मान मिळतो का, हे पुढचे प्रश्न होते.

स्वातंत्र्यानंतर घटनेने स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले. प्रत्यक्षात काय घडले हे पाहण्यासाठी केंद्र सरकारने १९७१ साली एक समिती नेमली. तिचा 'समानतेकडे' नावाचा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला. त्यातली एक गोष्ट ऐका. १९०१ साली आपल्या देशात दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ साली त्या ९३० उरल्या. म्हणजे देश पुढे चालला होता आणि बाया मात्र कमी होत चालल्या होत्या! हा आकडा वाचून विचारी माणसे हादरली. त्याच १९७४ साली मुंबईच्या एस. एन. डी. टी. विद्यापीठात प्राध्यापिका नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या प्रश्नांचा अभ्यास करणारे केंद्र सुरू झाले. १९८१ साली तिथेच या विषयावरची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने या कामाला बळ दिले आणि १९८७ साली पुणे विद्यापीठातही असे केंद्र निघाले. त्याला पुढे सावित्रीबाईंचेच नाव मिळाले.

आता तुम्ही विचाराल, अभ्यास कसला करतात? साधे उदाहरण घेऊ. घरातली बाई पहाटे उठते, पाणी भरते, भाकरी थापते, गुरांचे शेण काढते, दिवसभर खुरपते, रात्री सर्वांच्या शेवटी जेवते. आणि घरी कुणी कागद भरायला आला की आपण सांगतो, 'ती काही करीत नाही, घरीच असते.' हे जे 'काही नाही' आहे, त्याचे तास किती, त्याची किंमत किती, सातबाऱ्यावर तिचे नाव का नाही, मजुरीत तिला गड्यापेक्षा कमी पैसे का, हे शोधणे म्हणजे स्त्री-अभ्यास. तेव्हा हा विषय शहराचा की आपला, तुम्हीच ठरवा.

विद्यापीठातले केंद्र अभ्यास करते, तर महाविद्यालयातला महिला विकास कक्ष माणसे जमवतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, ८ मार्चला महिला दिन, २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे सोळा दिवस स्त्रियांवरील हिंसेविरुद्धची मोहीम, असे कार्यक्रम वर्षभर चाललेले असतात. रक्त तपासून हिमोग्लोबिन किती ते सांगतात. स्वसंरक्षणाचे धडे देतात. बँकेचा कागद कसा भरावा, वकीलबाईंना काय विचारावे, हे शिकवतात. कुठे मुलींच्या आयांना बोलावून मेळावा भरवतात. आमच्याकडे एका वर्षी हळदीकुंकवाला विधवा आयांनाही मानाने बोलावले. आधी कुजबुज झाली. मग एका आजीने उठून स्वतःच्या हाताने एका विधवा बाईला कुंकू लावले आणि कुजबुज थांबली.

पुष्कळांना वाटते, हे कार्यक्रम म्हणजे फोटो काढण्यापुरते. पण त्यांत एक मेख आहे, ती शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. ज्या दारावर 'तक्रार' असे लिहिले आहे त्या दारात मुलगी सहसा पाऊल टाकीत नाही. चार जण बघतात, 'हिला काय झालं?' म्हणून विचारतात. तेच रक्त तपासायला गेली तर कुणी काही विचारीत नाही. रक्त तपासून होते, बाकीच्या मुली निघून जातात, आणि एखादीच उगाच रेंगाळते. 'मॅडम, एक विचारायचं होतं,' म्हणते. सगळे तिथून सुरू होते. म्हणून ज्या कक्षात वर्षभर माणसांची ये-जा असते तिथेच अडलेली मुलगी येते. जो कक्ष वर्षातून एकदा ८ मार्चला उघडतो, तिथे ती येत नाही.

तिसरी आहे ती अंतर्गत समिती. कित्येक ठिकाणी तिला 'विशाखा समिती' असेही म्हणतात. या नावामागे एका खेड्याची कथा आहे. राजस्थानात भटेरी नावाचे गाव आहे. तिथली एक बाई सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात गावपातळीवर काम करीत असे. १९९२ साली तिने एका तान्ह्या मुलीचा बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ साली खालच्या कोर्टाने त्यातून आरोपींना सोडून दिले. या घटनेमुळे 'विशाखा' आणि इतर संस्था १९९२ सालीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने सांगितले की, कामाच्या जागी स्त्रीची सुरक्षितता ही मालकाची जबाबदारी आहे. पुढे २०१३ साली त्याचा कायदा झाला. २०१५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांसाठी नियम केले आणि विद्यार्थिनी त्यांच्या छत्राखाली आल्या. म्हणजे शहरातल्या कॉलेजकन्येला आज जे संरक्षण आहे, ते खेड्यातल्या एका कष्टकरी बाईच्या सोसण्यातून आले आहे.

या समितीचे काम कसे चालते? तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्रीच असते. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. एक सदस्य बाहेरचा असतो, म्हणजे आपापसात झाकपाक होऊ नये. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची. सबळ कारण असेल तर ही मुदत वाढवून मिळते. लिहिणे जमत नसेल तर लिहिण्यास मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची. मुलीचे नाव कुठेही फोडायचे नाही. चौकशी चालू असताना तिला हजेरीचे नुकसान न होता रजा मिळू शकते. तक्रार एखाद्या शिक्षकाविरुद्ध असेल तर तिचे पेपर त्याने तपासू नयेत अशी व्यवस्था करता येते. समेट घडवायचा तर तो मुलीने स्वतः मागितला तरच, आणि पैशांच्या देवघेवीवर तर मुळीच नाही. आणि एक शंका मनात येतेच म्हणून सांगतो. पुराव्याअभावी तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. कायद्यात तसे स्पष्ट म्हटले आहे.

समितीकडे गेले म्हणून पोलिसांचा रस्ता बंद होत नाही, तोही मोकळाच राहतो. शिक्षकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. अकरावी-बारावीच्या बहुतेक मुली अठरा वर्षांखालच्या असतात. अशा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'शाळेची अब्रू जाईल, आपसात मिटवू' असे म्हणणारा स्वतःच गुन्हेगार ठरतो.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात शिकवीत होतो. द्वितीय वर्षाला एक मुलगी पहिल्या बाकावर बसे. रोज अकरा किलोमीटरवरून येई. दिवाळीनंतर ती येईनाशी झाली. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे रोज 'गै.' लिहीत गेलो. फाल्गुनात आठवड्याच्या बाजारात तिचे वडील भेटले. मी सहज विचारले. ते म्हणाले, 'काय सांगावं, सर. लायब्ररीच्या जिन्यावर दोन पोरं तिची वाट अडवायची. तिनं आईला सांगितलं, आईनं मला. म्हटलं, नाव खराब व्हायच्या आत उरकून टाकावं. माघातच लगीन केलं.'

मला बोलवेना. कारण त्या महाविद्यालयाच्या महिला कक्षाचा मी सदस्य होतो. कक्ष होता, समिती होती, फलकावर माझे नावही होते. जिना माझ्या वर्गापासून वीस पावलांवर होता. पण मी कधी चौकशी केली नाही, आणि तिला कधी वाटले नाही की या सरांना सांगावे.

त्या मुलीची चूक काय झाली? तिने खरे सांगितले एवढीच. त्रास देणारी मुले पुढे पदवीधर झाली. तिचे शिक्षण सुटले. आणि तिच्या गावातल्या इतर मुली यातून काय शिकल्या असतील? 'घरी सांगायचे नाही' हेच ना? श्रोतेहो, मुली गप्प राहतात त्या केवळ लाजेने नव्हेत. खरे सांगितले तर शाळा सुटेल ही भीती त्यांना अधिक असते. हे भय जोवर घरात आहे तोवर कॉलेजात शंभर कक्ष उघडले तरी ओस पडतील.

तेव्हा करायचे काय? फार अवघड नाही. मुलीला कॉलेजात घालताना आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो. त्याचबरोबर एक प्रश्न विचारावा, 'आपल्या समितीच्या अध्यक्ष कोण? त्यांचा नंबर लिहून द्या.' नंबर लगेच मिळाला तर समिती जागी आहे असे समजा. नाही मिळाला तर प्राचार्यांना विचारा. पालकांनी विचारले की झोपलेली समितीही उठून बसते. माध्यमिक शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी दहावी-बारावीचा निरोपसमारंभ करताना पंधरा मिनिटे या विषयाला द्यावीत. स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर फळ्यावर लिहून उतरवून घ्यायला लावावेत. जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात अशा ठिकाणच्या बायांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, हेही गावात सांगावे. आणि ज्यांच्या घरी मुलगे आहेत त्यांनी त्यांनाही जवळ बसवून बोलावे. जिन्यावर वाट अडवणारी ती दोन पोरेही कुणाच्या तरी घरातूनच आलेली असतात.

येत्या जूनमध्ये पुन्हा गाड्या सुटतील. 'जपून राहा, पोरी' हे जरूर म्हणा. ते मायेचे बोलणे आहे. पण त्याला एक वाक्य जोडा. म्हणा, 'काही झालं तर आधी आम्हाला सांग. तुझं शिक्षण बंद होणार नाही.' हे आईबापांनी द्यावयाचे वचन आहे. ते घेऊन गेलेली मुलगी कक्षाचे दार आपणहून ठोठावील. आणि ते दार उघडायला आत आम्ही शिक्षकांनी जागे असावे, एवढे वचन आमच्याकडून.