लाल विंचू : जमिनीची सीमा आणि जातीची सीमा

पालघर जिल्ह्याची भूमी किनाऱ्याकडून पूर्वेकडे जाताना झपाट्याने पालटते. सातपाटी-तारापूरला वाळू व खाजण, बोईसर-पालघर पट्ट्यात भातखाचरे, तर जव्हार-मोखाड्यात खडकाळ माळ. जमिनीलगत राहणाऱ्या विंचू-किड्यांना हा पालट महत्त्वाचा ठरतो. हे जीव दूरवर जात नाहीत. त्यामुळे जवळच्या नात्याच्या जाती निरनिराळ्या जमिनींवर शेजारी नांदतात. त्यांच्या सीमा भिडतात तेथे कधी संकर होतो. अशा प्रदेशास संकरपट्टा म्हणता येईल.

अमेरिकेतील कनेटिकट राज्यात रातकिड्यांच्या दोन जातींचा असा पट्टा अभ्यासला गेला आहे. एक जात किनाऱ्याकडील वालुकामय जमिनीत, दुसरी आतील पोयट्याच्या जमिनीत राहते. पहिलीची मादी व दुसरीचा नर यांना प्रजा होत नाही. उलट जोडीला होते. म्हणून संकर होऊनही दोन्ही जाती वेगळ्या राहतात.

आपल्याकडे लाल विंचवाचे उदाहरण बोलके आहे. पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने १९०० साली कोकणातील लाल विंचवास स्वतंत्र उपजातीचे नाव दिले. २००७ मधील वर्गीकरणात उपजाती रद्द होऊन एकच जात मानली गेली. तथापि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या विषाच्या तपासणीत कोकणातील व दख्खनच्या कोरड्या पठारावरील विंचवांच्या विषघटकांत स्पष्ट फरक दिसून आला. नाव एक असले तरी विष सर्वत्र सारखे नसते, हाच याचा अर्थ होय. एका भागातील विषापासून केलेली प्रतिविष लस दुसऱ्या भागात कमी गुणकारी ठरण्याचा संभव असतो. विंचवाची जात व प्रदेश यांची नोंद म्हणूनच मोलाची आहे.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला व कोकणातील असंख्य जीव वाचले. प्रतिविष लस व प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले.

दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. काळी इंगळी मोठी व भयंकर दिसते. परंतु खरा धोका लहानशा लाल विंचवाचा, हे शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी गावोगाव समजावून सांगणे अगत्याचे आहे.