पोराचे केस जायला लागले, तर आधी काय बघायचं?

मागच्या महिन्यात आपण बाळंतपणानंतर केस गळतात त्याबद्दल बोललो होतो. त्या दिवशी आम्हाला फोन आले ते मात्र निम्म्याहून जास्त मुलग्यांसाठी. "अहो, माझ्या पोराचं काय? चोवीस वर्षांचा आहे, आणि कपाळ मागं चाललंय." एका ताईंनी तर आवाज एकदम खाली आणला, कारण पोरगा पलीकडच्या खोलीत होता. म्हणाल्या, तो लग्नकार्याला येत नाही, घरातसुद्धा टोपी काढत नाही आणि बायोडाट्याला तीन वर्षांपूर्वीचा फोटो लावा म्हणतो.

याच ताईंनी बचत गटातून अठरा हजार रुपये उचलले होते. जिल्ह्याच्या गावी एका ठिकाणी 'सहा महिन्यांचं पॅकेज' घेतलं. त्यात तेल, शांपू, कसल्याशा गोळ्या आणि डोक्यावरून फिरवायचं एक यंत्र. सहा महिने कधीच संपले, हप्ते अजून चालू आहेत. डोकं तपासणारा माणूस डॉक्टर होता का, हे विचारायचं राहूनच गेलं, असं त्या म्हणाल्या.

म्हणून आजचं बोलणं पोरांच्या केसांवर. आम्ही काही डॉक्टर नाही. ग्रामीण रुग्णालयात दर मंगळवारी त्वचारोगाच्या डॉक्टर येतात, त्यांच्याजवळ दोनदा बसून आम्ही हे समजून घेतलं. त्यांचं पहिलं वाक्य असं होतं की, "केस का जातायत हे ठरल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही."

आता हे बघा. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता राहतो आणि गळून पडतो. त्याच जागी नवा येतो. त्यामुळं रोज पन्नास ते शंभर केस जाणं हे ठीकच आहे. कंगव्यात गुंता दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

कधी कधी मात्र एकदम मूठभर केस यायला लागतात. हे आपल्याला चांगलं माहीत आहे. बाळंत झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात न्हाणीघरात केसच केस होतात आणि बाळाचा वाढदिवस येईपर्यंत बऱ्याच जणींचे परतही येतात. पोरांचं तसंच होतं, फक्त कारण वेगळं. डेंग्यू, टायफॉईड, मोठं ऑपरेशन, किंवा भरतीसाठी वजन उतरवायचं म्हणून दोन महिने अर्धपोटी राहणं. अंगाला धक्का बसतो तेव्हा केस लगेच जात नाहीत, दोन-तीन महिन्यांनी जातात. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष जातो नव्या शांपूला नाहीतर बोअरच्या पाण्याला. या प्रकारात बहुतेकदा मूळ कारण गेलं की केस आपोआप येतात. डॉक्टर रक्त, लोह, थायरॉईड तपासतात, कमी असेल ते भरून काढतात आणि थांबायला सांगतात. गंमत अशी की पॅकेजवाल्यांचे 'यशस्वी' फोटो पुष्कळदा अशाच पोरांचे असतात. काही केलं नसतं तरी त्यांचे केस आले असते.

दुसरा प्रकार चाई. रुपयाएवढा गोल, गुळगुळीत डाग पडतो, डोक्यात किंवा दाढीत. आपल्याकडं म्हणतात, किडा चावला, झुरळानं केस खाल्ले. तसं काही नसतं. अंगातली रोगाशी लढणारी ताकद चुकून केसांच्या मुळांवरच उलटते. ही चाई दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा पोराचा टॉवेल आणि उशी वेगळी काढू नका. कांद्याचा रस, लसूण घासून कातडी भाजून घेतलेले दोघं-तिघं डॉक्टरांनी आम्हाला दाखवले. चाईवर डॉक्टर डागात बारीक इंजेक्शनं देतात किंवा मलम देतात, आणि लहान डाग बऱ्याचदा भरून येतो. डागाला खपली असेल, खाज असेल, केस मधेच तुटलेले असतील, तर तो नायटा असू शकतो आणि तो मात्र लागतो. त्यावर दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणून लावू नका. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉईड असतं, त्यानं नायटा आतून पसरतो.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त पोरांना होतो, आणि त्या ताईंच्या पोराला तोच आहे. दोन्ही बाजूंनी कपाळ वर सरकतं, किंवा शेंडीच्या जागी गोल विरळ होतं, आणि कानामागचे, मानेवरचे केस मात्र दाटच राहतात. हे घराण्यातून येतं. आईकडूनच येतं असं म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासवा आम्ही पाहिल्यात. तर ते आईकडून येतं तसंच बापाकडूनही येतं. वयात आल्यावर पुरुषाच्या अंगात जो संप्रेरक रस तयार होतो, त्याचाच एक जोरदार प्रकार या जागच्या केसांच्या मुळांना सोसत नाही. मुळं लहान लहान होत जातात. जाड केसाच्या जागी बारीक केस येतो, मग त्याहून बारीक, शेवटी जावळासारखी लव राहते. मौज म्हणजे याच रसानं दाढी-मिशी भरून येते. म्हणून दाढी भरगच्च आणि डोकं विरळ असा पोरगा दिसला तर त्यात नवल नाही.

हेल्मेटनं टक्कल पडत नाही. टोपीनंही नाही. जड पाण्यानं केस राठ होतात, तुटतात, पण मुळं त्यानं लहान होत नाहीत. एक गोष्ट मात्र खरी आहे. जिममध्ये अंग भरावं म्हणून काही पोरं जी इंजेक्शनं टोचून घेतात, त्यांनी घराण्यात टक्कल असलेल्याचं डोकं फार लवकर उघडं पडतं. पोरगा हे घरात सांगणार नाही. डॉक्टरांकडं एकट्याला आत जाऊ द्या.

या तिसऱ्या प्रकारात वेळेला किंमत आहे. मूळ लहान झालेलं असतं तोवर औषधानं त्याला धरून ठेवता येतं. पूर्ण गुळगुळीत झालेल्या जागी औषध फारसं काही करत नाही. पोरं दोन वर्षं टोपीत लपवतात, दोन वर्षं तेलात घालवतात, आणि मग डॉक्टरांकडं येतात.

औषधं मुख्यत: दोन. पहिलं मिनॉक्सिडिल, डोक्याला लावायचं. हे मुळात रक्तदाबाच्या गोळीत होतं. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, तेव्हा ते डोक्याला लावून बघितलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत केसांसाठी मान्य झालं. कोरड्या डोक्याला, डॉक्टर सांगतील तेवढंच लावायचं आणि हात धुवायचे. पहिल्या काही आठवड्यांत केस उलटे जास्तच गळतात. इथंच निम्मी पोरं बाटली फेकून देतात. हे गळणं अपेक्षित असतं, जुने केस नव्यांना जागा देत असतात. फरक दिसायला चार ते सहा महिने जातात. आणि लावायचं बंद केलं की मिळवलेलं पुन्हा जातं. हे आधीच माहीत असलं म्हणजे फसवल्यासारखं वाटत नाही. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी फार जपा, हे औषध मांजराच्या अंगाला लागलं किंवा तिनं चाटलं तर ती मरू शकते. बाटली पोरासोराच्या हाताला लागेल अशीही ठेवू नका.

दुसरं फिनास्टेराईडची गोळी. आधी ती म्हाताऱ्या पुरुषांच्या प्रोस्टेटच्या गाठीवर दिली जात होती, १९९७ पासून कमी मात्रेत केसांसाठी दिली जाते. मघाशी सांगितलेला तो जोरदार रस ती कमी करते, त्यामुळं गळणं थांबवायला ती चांगली आहे. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. थोड्या जणांची इच्छा कमी होते, संबंधात अडचण येते. काहींचं मन खचतं. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार येणं हाही या गोळीचा दुष्परिणाम आहे, असं नोंदवलं. पोरगा गोळी घेत असेल आणि गप्प गप्प राहायला लागला, तर 'लग्न ठरत नाही म्हणून असेल' असं धरून चालू नका. गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडं न्या.

आता खास आपल्यासाठी. घरात कुणी गरोदर असेल किंवा दिवस राहायची वाट बघत असेल, तर तिनं ही गोळी फोडू नये, फुटलेल्या गोळीला हात लावू नये. पोटात मुलगा असला तर त्याच्या लिंगाच्या वाढीत दोष राहू शकतो. आपल्याकडं नवऱ्याची गोळी अर्धी करून देणं हे बायकोचंच काम असतं, म्हणून मुद्दाम सांगतो. आणि जयंतीच्या रक्तदान शिबिरात पोरं रांग लावतात ना? ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्त द्यायचं नाही. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवलं जाऊ शकतं.

बायोटिनच्या गोळ्यांचा सध्या सुळसुळाट आहे. अंगात कमतरता नसेल तर त्यांनी टकलाला काही होत नाही, पण थायरॉईडच्या तपासणीचा आकडा मात्र चुकू शकतो. घेत असाल तर लॅबमध्ये आधी सांगा. स्वत:चं रक्त काढून, फिरवून डोक्यात टोचतात, त्याला पीआरपी म्हणतात. काहींना थोडा फायदा होतो, खर्च मोठा आणि पुन्हा पुन्हा करावं लागतं.

केस रोवणं म्हणजे मानेवरचे केस मुळासकट काढून पुढं लावणं. चांगल्या हाताखाली ते चांगलं होतं. पण मागचा साठा ठरलेला आहे, आणि रोवल्यानंतरही बाकीचे जुने केस जातच राहतात. बाविसाव्या वर्षी घाईनं पुढची रेघ भरून घेतली, तर तिसाव्या वर्षी पुढं केसांचा पट्टा आणि मागं मोकळं रान, असं होतं. शिवाय ही शस्त्रक्रिया आहे. २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाच्या डोक्यात एकाच बैठकीत नऊ हजारांच्या वर केसांची मुळं रोवली, आणि नंतर तो दगावला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं बजावलं, की हे काम प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायचं, व्हिडिओ बघून शिकलेल्यांनी नाही. म्हणून तिथं गेल्यावर लाजू नका. सुरी कोण धरणार, त्यांचा नोंदणी क्रमांक काय, जीव घाबरला तर जवळचं मोठं रुग्णालय कुठलं, एवढं विचाराच.

आणि जाहिरातींबद्दल. आपल्या औषध नियमांत शेड्यूल जे नावाची एक यादी आहे. त्या यादीतले रोग बरे करतो असा दावा कुठल्याही औषधावर करता येत नाही, आणि त्या यादीत टक्कल आहे. 'टक्कल कायमचं घालवा' असं लिहिलेली बाटली दिसली, की विकणाऱ्यानं कायदा मोडलाय एवढं तरी समजा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं करता येते. त्या अठरा हजारवाल्या ताईंना आम्ही पावती शोधायला सांगितलंय. पावतीवर 'सौंदर्य सेवा' एवढंच लिहिलेलं निघालं, म्हणून प्रकरण अडलंय. तुम्ही पैसे देताना काय लिहिलंय ते वाचा.

एका भाऊंनीही फोन केला होता. त्यांना वाटत होतं, बुलढाण्यासारखं आपल्याकडं होतंय का? तर ते वेगळं होतं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या गावांत बायका, पुरुष, पोरं, सगळ्यांचेच केस काही दिवसांत हातात यायला लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून खाण्यातल्या गव्हात सेलेनियम फार जास्त असल्याचं सांगितलं. घरातल्या किंवा गल्लीतल्या बऱ्याच जणांचे केस एकाच वेळी जायला लागले, तर घरी बसून उपाय करू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. एका पोराचं कपाळ सावकाश मागं जाणं ही त्यातली गोष्ट नव्हे.

आता थोडं आपल्याच वागण्याबद्दल. आम्ही कार्यक्रमाची तयारी करताना आमच्यातल्याच एकीनं तिच्या भाच्याला 'चंद्र उगवला' म्हटल्याचं कबूल केलं. सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या. मुलीच्या सावळ्या रंगावरून कुणी बोललं तर आपण भांडायला उठतो. मुलगी पाहायला गेलेल्या पोराच्या टकलावर मात्र दोन्हीकडची मंडळी मोकळेपणानं हसतात. काहीच उपचार न करता बारीक मशीन मारून फिरणारी पोरंही आहेत, आणि त्यांना ते शोभून दिसतं. विग किंवा पॅच लावायचा असेल तर तोही लावावा, फक्त मुलीकडच्यांना आधी सांगून.

त्या ताईंचा पोरगा गेल्या मंगळवारी डॉक्टरांकडं जाऊन आला. टोपी त्यानं तपासणीच्या खोलीतच काढली, बाहेर येताना पुन्हा घातली. औषध चालू झालंय, कळायला दिवाळी उजाडेल. बायोडाट्याचा फोटो अजून जुनाच आहे.

शेवटी एक प्रश्न राहिला, तो बऱ्याच जणींनी विचारला. तेल लावू की नको? लावा की. खोबरेल, माका, जास्वंद, घरात जे असेल ते. केस मऊ राहतात, कमी तुटतात. गेलेले केस त्यानं येत नाहीत. मिनॉक्सिडिल चालू असेल तर तेल त्याच्यावर चोपडू नका. न्हायच्या आधी तासभर तेल लावा, डोकं धुवा, पुरतं वाळू द्या आणि मग औषध.