बोल्ट जाम का होतो आणि त्याला कोणता लेप लावावा?

गंजलेला नट सोडवताना पाना सटकून बोटांची सालटी निघाली नाहीत, असा माणूस विरळाच. सायकलच्या मडगार्डचा नट असो, हातपंपाच्या झाकणाचा असो की टाकीच्या पाइपाचा. आधी रॉकेल, मग हातोडी आणि शेवटी छिन्नी किंवा गॅसकटर हा क्रम ठरलेला असतो. जुना बोल्ट कापून काढला की नवा बसवतात, हाताशी असेल ते ग्रीस त्याला चोपडतात आणि काम संपले असे समजतात. याच कामासाठी हार्डवेअरच्या दुकानात ‘अँटीसीझ’ नावाचे लेप डब्यांतून मिळतात. कुठला तांबूस, कुठला चंदेरी, कुठला काळा, तर कुठला पांढरा. ‘कोणताही घ्या, सगळे सारखेच’ असे उत्तर ऐकायला मिळण्याचा संभव अधिक. परंतु ते सारखे नाहीत. प्रसंगी चुकीचा लेप लावण्यापेक्षा बोल्ट कोरडा ठेवलेला बरा, अशी स्थिती येते. ती का येते हे समजण्यासाठी, बोल्ट जाम होतो म्हणजे नेमके काय होते ते आधी पाहू.

साध्या पोलादी बोल्टच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, हे सातवीच्या मुलालाही ठाऊक असते. पण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, हा त्यातला महत्त्वाचा भाग वर्गात बहुधा निसटतो. एक घनसेंटिमीटर लोखंड गंजले तर त्यापासून दोन घनसेंटिमीटरहून अधिक गंज तयार होतो. स्लॅबमधल्या सळया गंजल्या की काँक्रीटचे पोपडे सुटतात ते याच कारणाने. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. तेवढ्या जागेत फुगणारा गंज पाचरीसारखा घट्ट बसतो. येथे पाणी आणि हवा यांना आत येऊ न देणारा कोणताही चिकट पदार्थ बरेचसे काम करतो. घरगुती, थंड आणि साध्या पोलादाच्या जोडाला साधे ग्रीसही पुष्कळ दिवस चालते.

न गंजणारे पोलाद का अडकते?

मग स्टेनलेस स्टील वापरले की प्रश्न मिटला? येथेच अनेकांची फसगत होते. स्टेनलेसचा अगदी कोरा, स्वच्छ नट हाताने सहज फिरतो; पान्याने दोन फेऱ्या आवळला की मध्येच थांबतो, आणि मग पुढेही जात नाही, मागेही येत नाही. जोर केला तर बोल्टच पिळून तुटतो. गंजाचा कणही नसताना हे घडते.

कोणताही धातू कितीही गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पृष्ठभागावर डोंगर-दऱ्या दिसतात. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर ते फक्त शिखरांपाशी टेकतात. त्यामुळे सगळा भार त्या थोड्या शिखरांवर येतो आणि तेथला दाब प्रचंड असतो. स्टेनलेस स्टीलचे संरक्षण करतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा, आणि त्याची जाडी असते अवघी काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या काही पट. आटे एकमेकांवर घासले की शिखरांवरचा हा पापुद्रा खरवडला जातो. हवेत तो क्षणार्धात पुन्हा धरतो, पण आट्यांच्या आत दाबाखाली त्याला ना हवा मिळते, ना सवड. उघडा धातू उघड्या धातूला भिडतो. दोन्हीकडे तेच अणू, तीच रचना. त्यांना ‘हा नटाचा, हा बोल्टचा’ असा भेद कळण्याचे कारणच नाही. तेथे ते जुळतात. उष्णता न देता झालेले हे एक प्रकारचे वेल्डिंगच! पुढच्या फेरीत जुळलेला भाग फाटतो, त्याची गाठ होते, ती गाठ पुढचा आटा खरवडते आणि थोड्याच वेळात सगळे घट्ट होऊन बसते. शिवाय हे पोलाद घासले जाताना अधिक कठीण होत जाते, आणि साध्या पोलादापेक्षा ते उष्णतेचे फार मंद वाहक असल्यामुळे तयार झालेली उष्णता तेथेच साठते. यंत्राने वेगात आवळलेले बोल्ट जास्त अडकतात ते यामुळे. टायटॅनियमची खोडही साधारण अशीच आहे.

निर्वात तंत्रावर काम करणाऱ्या आमच्यासारख्या प्रयोगशाळांत या दुखण्याशी नेहमीचीच गाठ असते. निर्वात पात्र आणि त्याचे बोल्ट स्टेनलेसचे. आतली चिकटलेली वाफ घालवण्यासाठी सगळे पात्र दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवावे लागते. आणि तेलकट ग्रीस वापरायचे तर त्याच्या वाफेने निर्वात बिघडण्याची भीती. म्हणून तेथे चांदीचा मुलामा दिलेले बोल्ट वापरतात. चांदी मऊ, शिवाय पोलादाहून वेगळी. दोन सारख्या धातूंमध्ये तिसरा, परका पदार्थ घालायचा, ही सगळ्या अँटीसीझ लेपांमागची कल्पना या महागड्या बोल्टांत शुद्ध रूपात दिसते.

तेल आणि पीठ

घडीची पोळी करताना आपण घडीत तेल लावतो आणि वर थोडे पीठ भुरभुरतो. पोळी भाजली तरी पदर सुटे राहतात. अँटीसीझ लेपाची रचना थेट अशीच असते. त्यातले ग्रीस म्हणजे तेल; ते पाणी बाहेर ठेवते आणि आवळताना आटे सरकवते. त्यात मिसळलेली घन पूड म्हणजे पीठ. ही पूड तांब्याची, निकेलची, अ‍ॅल्युमिनियमची, ग्रॅफाइटची, मॉलिब्डेनम डायसल्फाइडची किंवा चिनी मातीच्या जातीच्या एखाद्या सिरॅमिक पदार्थाची असते. मोटारीच्या धूरनळीवर किंवा बॉयलरवर बोल्ट तापला की ग्रीस काही शे अंशांवर जळून जाते. पूड मात्र मागे उरते आणि आटे एकमेकांना भिडू देत नाही. साधे ग्रीस अशा जागी निरुपयोगी ठरते ते पीठ नसल्यामुळे.

तेव्हा निवड करायची ती मुख्यतः पुडीची. तांब्याचा लेप साध्या पोलादासाठी उत्तम. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे असे लेप साधारण ९८० अंशांपर्यंत चालतात असे डब्यावर लिहिलेले असते. निकेलचा वितळणबिंदू १४५५ अंश. म्हणून अतितप्त जागी, तसेच स्टेनलेस आणि निकेलच्या मिश्रधातूंसाठी निकेलचा लेप घेतात. तो महाग असतो आणि निकेलची अनेकांना अ‍ॅलर्जी असते, म्हणून हातमोजे हवेत. मॉलिब्डेनम डायसल्फाइड आणि ग्रॅफाइट हे दोन्ही पत्त्यांच्या कॅटासारखे थराथरांचे पदार्थ. थर एकमेकांवरून घसरतात म्हणून ते निसरडे. पण त्यांत एक गमतीचा फरक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फार उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले कार्बनचे ब्रश भराभर झिजून भुकटी होऊ लागले. ग्रॅफाइटला निसरडे राहण्यासाठी हवेतल्या बाष्पाची गरज असते आणि वरच्या विरळ, कोरड्या हवेत ते मिळत नाही, असे त्यातून उमगले. मॉलिब्डेनम डायसल्फाइडला अशी गरज नाही, म्हणून ते निर्वातात आणि अवकाशयानांत चालते. उलट हवेत साधारण ३५०-४०० अंशांपुढे त्याचेच ऑक्सिडीकरण होऊ लागते.

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट निराळी. दोन भिन्न धातू आणि त्यांमध्ये खारट पाणी म्हणजे विद्युत्‌घट. रत्नागिरी-मालवणकडे अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीत बसवलेल्या स्टेनलेस स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसते, ती या घटात अ‍ॅल्युमिनियम खर्ची पडल्याची खूण. अशा जोडाला तांब्याचा लेप लावणे म्हणजे आट्याआट्यांत हजारो छोटे घट स्वतःच्या हाताने मांडणे. ग्रॅफाइट तर या बाबतीत तांब्याच्याही पलीकडे आहे. विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर शिसपेन्सिलीने खुणा करण्यास मनाई असते, ती याचसाठी. अ‍ॅल्युमिनियमसाठी धातुविरहित सिरॅमिक लेप किंवा अ‍ॅल्युमिनियमच्याच पुडीचा लेप घ्यावा. समुद्रकाठच्या कोणत्याही मिश्र जोडाला मी सिरॅमिकचाच पांढरा लेप सुचवीन.

काही जोड्या तर धोक्याच्याच आहेत. अ‍ॅसिटिलीनच्या जोडांवर तांबे चालत नाही, कारण त्यापासून स्फोटक कॉपर अ‍ॅसिटिलाइड बनू शकते. अमोनिया तांब्याला खातो. शीतगृहात काम करणाऱ्यांना हे माहीत असते. जस्ताची पूड असलेला लेप तापणाऱ्या स्टेनलेसला लावू नये: जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते आणि अति तापमानाला ताणाखालच्या स्टेनलेसच्या स्फटिककणांच्या सीमांमधून आत शिरून त्याला तडे पाडते. आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या जोडाला साधे ग्रीस किंवा साधा अँटीसीझ कधीच लावू नये. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलकट पदार्थ ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतो.

लेप लावला, मग किती आवळायचे?

माझ्या मते सर्वांत कमी लक्षात घेतली जाणारी बाब ही आहे. बोल्ट आवळतो म्हणजे आपण तो स्प्रिंगसारखा किंचित ताणतो. त्या ताणानेच जोड धरून राहतो. पण पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे निम्मा नटाखालच्या घर्षणात, आणखी चाळीस टक्के आट्यांतल्या घर्षणात जातो. ताणासाठी उरतात जेमतेम दहा टक्के. घर्षणात थोडी घट झाली तरी या दहा टक्क्यांत मोठी वाढ होणार, हे उघड आहे.

आकडे घालून पाहू. पिळाचे बल, म्हणजे टॉर्क, बरोबर एक गुणक गुणिले व्यास गुणिले ताण, असे ढोबळ सूत्र आहे. कोरड्या पोलादासाठी गुणक ०.२० च्या आसपास, लेप लावल्यावर ०.१३ च्या आसपास. १२ मिलिमीटर व्यासाचा ८.८ प्रतीचा बोल्ट ८० न्यूटन-मीटरने आवळला, तर कोरडा असताना ताण येतो ८० भागिले (०.२० × ०.०१२), म्हणजे सुमारे ३३,३०० न्यूटन. लेप लावून तेवढ्याच टॉर्कने आवळला, तर सुमारे ५१,३०० न्यूटन! या बोल्टच्या आट्यांचे भार पेलणारे क्षेत्रफळ ८४ चौरस मिलिमीटर आणि दर चौरस मिलिमीटरला ५८० न्यूटन ही त्याची निर्धोक मर्यादा. गुणाकार येतो सुमारे ४९,००० न्यूटन. म्हणजे मर्यादा ओलांडली. लेपासह पहिल्याइतकाच ताण हवा असेल, तर ५२ न्यूटन-मीटर पुरेत. म्हणून मोटारीच्या चाकांचे नट, उत्पादकाच्या पुस्तकात तसे लिहिले नसेल तर, लेप न लावताच आवळावेत. मुलामा दिलेल्या स्पार्क प्लगच्या आट्यांना लेप लावू नका, असे काही उत्पादक सांगतात त्याचे कारणही हेच.

शाळेत हे करून पाहता येईल. मुलामा नसलेले ८ मिलिमीटरचे सहा सारखे लोखंडी नट-बोल्ट आणि लोखंडी पट्टीचे तुकडे घ्या. दोन बोल्ट कोरडे ठेवा, दोहोंना साधे ग्रीस आणि दोहोंना तांब्याचा लेप लावा. लेप आट्यांवर व नटाच्या बैठकीवर, पातळ. पान्याच्या शेपटीला, बोल्टच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर, दहा किलोचा स्प्रिंगकाटा दोरीने बांधा. नट बोटाने घट्ट करून त्याच्या एका कोपऱ्यावर रंगाचा ठिपका द्या आणि काटा पान्याशी काटकोनात ओढून प्रत्येक नट तीन किलोपर्यंतच आवळा. लेप लावलेले ठिपके कोरड्यांपेक्षा पुढे गेलेले दिसले, तर वरचे गणितच तुमच्यासमोर आहे. मग सर्व बोल्ट लिटरला ५० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात रोज काही तास बुडवा आणि उरलेला वेळ उघड्यावर ठेवा. चार आठवड्यांनी त्याच काट्याने नट सोडवा आणि प्रत्येक नट किती किलोला हलला ते लिहून ठेवा. कोरड्यांपैकी एखादा दहा किलोलाही हलला नाही, तर जोर करू नका, काटा बिघडेल. त्याच्यापुढे फक्त ‘दहाहून अधिक’ असे लिहा.