ट्रामच्या कपाळावरचा दिवा

वाचकहो, इंग्लंडमधील जुन्या विजेच्या ट्रामचे चित्र पाहाल, तर तिच्या पुढील दिव्याकडे नजर जाईलच. त्याची कथा मात्र गमतीची आहे. वरच्या तारेत सुमारे साडेपाचशे व्होल्टचा दाब असे. एका दिव्याला तो सोसवणार कसा? म्हणून सुमारे ११० व्होल्टचे पाच दिवे एकाच माळेत ओवीत आणि पुढचा दिवा पुष्कळदा त्यांतलाच एक असे. डब्यातला एखादा दिवा जळाला, की कपाळावरचाही विझे! दांडा तारेवरून निसटला, तर सारी गाडीच भर रस्त्यात अंधारात उभी. मागून येणाऱ्याला ती दिसावी कशी? यासाठी विजेच्या गाडीच्या पाठीशीही तेलाचा लाल कंदील ठेवीत. पुढे १९३९ साली युद्ध पेटले आणि विमानांच्या भयाने त्या पुढच्या दिव्यावरही झाकण चढले.