दोन खड्ड्यांचा संडास : भरला तरी टँकर लागत नाही

सेप्टिक टँक भरला की टँकर बोलवायचा, पैसे मोजायचे. मैला मात्र बऱ्याचदा नाल्यात किंवा माळावर. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात ही पाळीच येत नाही.

दोन खड्ड्यांत साधारण १ मीटर अंतर. भांड्यामागच्या चेंबरमधून एका वेळी एकाच खड्ड्याला वाट. तळ कच्चा, भिंतीला भोकं. पाणी आणि वायू मातीत मुरतात. पाच-सहा माणसांच्या घरात खड्डा भरायला सुमारे ५ वर्षं लागतात. मग त्याची वाट बुजवून दुसरा सुरू करायचा. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की मैला कुजून कोरडं, बिनवासाचं खत होतं. जुन्या लोकांचं हेच सोनखत.

फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्लीत केंद्रीय सचिव परमेश्वरन अय्यर यांनी स्वतः खड्ड्यात उतरून असं खत काढलं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी खत देणारा ‘गोपुरी संडास’ कितीतरी आधी रुजवला होता.

घोळ होतो तो बांधताना. दोन्ही खड्डे एकदम जोडले, तर दोन्ही एकदमच भरतात. तळाला काँक्रीट घातलं, तर पाणी मुरत नाही. मग कच्चा मैला उपसायची वेळ येते, आणि तो माणसाच्या हातून काढून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून गवंड्याचे पैसे चुकते करण्याआधी झाकण उघडून बघा : एकच वाट चालू आहे ना, तळ कच्चा आहे ना, विहीर लांब आहे ना.